पाटीच्या पलीकडे पडले

आमच्या एदोगावातून उरायासुला जाणाऱ्या पुलाच्या मध्यावर हद्दीची पाटी आहे. अलीकडे तोक्यो, पलीकडे चिबा. मी पाटीच्या पलीकडे पडले, एवढीच माझी चूक, असं नवरा अजून म्हणतो.

मैत्रिणीकडे पुरणपोळ्या लाटायला निघाले होते. समोरून सायकलवर एक आजोबा आले, वाऱ्याने त्यांचा तोल गेला, ते मला धडकले आणि मी कठड्याशी उजव्या हातावर आपटले. ते बिचारे कमरेत वाकून माफी मागत राहिले. वयस्कर माणूस असा वाकायला लागला की आपल्यालाच ओशाळं होतं. "दाइजोबु, दाइजोबु," काही झालं नाही, असं म्हणत मी त्यांचीच सायकल उचलून दिली. डाव्या हाताने. त्यांनी बळेबळे आपला फोन नंबर दिला.

मनगट मोडलं होतं. लेक करवादली, "आई, पोलिसांना का नाही बोलावलंस? इट्स द रूल!" इथे साध्या सायकलच्या धडकेचीही पोलिसांत नोंद लागते. ती नसेल तर विमावाले दारात उभं करत नाहीत. तरी आजोबांना फोन केला. त्यांच्याकडे विमाच नव्हता. तेव्हा तोक्योत सायकलचा विमा सक्तीचा होता, चिबात नुसतं 'काढलात तर बरं'. नदी तीच, वारा तोच, हाडं तीच, कायदे मात्र दोन.

"जरा अलीकडे पडायचं ना!" नवरा म्हणाला. पडताना नकाशा बघायचा राहिला, मी म्हटलं. मला भयंकर राग आला होता.

आजोबा संत्र्यांची पेटी घेऊन आले, पुन्हा वाकले. एकटेच राहायचे, पेन्शनवर. अशा माणसाशी भांडायचं कसं? आणि भांडायला अंगात जोर तरी कुठे होता? प्लास्टर, मग व्यायाम, सगळं आमचं आम्ही निस्तरलं.

पुढे चिबातही विमा सक्तीचा झाला. परवा पुलावर आजोबा भेटले. सायकल थांबवून त्यांनी विम्याचा कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "आता कुणाला काही झालं तर काळजी नाही," म्हणाले. चेहरा असा उजळलेला, की मला बघवेना.

मग त्यांनी विचारलं, तुमचा हात कसा आहे?

माझी मूठ अजून पूर्ण मिटत नाही. चार पोळ्या लाटल्या की मनगट ठणकतं. मी हात कोटाच्या खिशात घातला.

"दाइजोबु," मी म्हणाले.