शेवटच्या पायरीवरची टाच

जिना चढून वर आले की शेवटच्या पायरीवर ते जरा थांबायचे आणि उजव्या बुटाची टाच दगडावर हलकेच घासायचे. खर्र. एवढंच. मग खिशातून किल्ली काढायची, कुलूप उघडायचं आणि आत जायचं. आत कोणीही नसायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन दूरदेशी. तरीही टाच घासल्याशिवाय त्यांचा हात किल्लीकडे जात नसे. बाहेर पडताना आपण दिवा मालवतो तसंच ते होतं. त्यासाठी आत कोणी असावं लागत नाही.

ही सवय बायकोने लावलेली. म्हणजे तिच्या बोलण्याने लागलेली.

पडद्यावर माणसं चालतात, दारं आपटतात, कपबश्या खणखणतात. यातले बरेचसे आवाज मागाहून एका बंद खोलीत करून चित्राला जोडतात. ते काम यांचं. स्टुडिओत सगळे त्यांना पावलंवाले म्हणायचे. त्या खोलीत एका कोपऱ्यात फरशी होती, दुसरीकडे वाळूचा खोका, मधे लाकडी फळ्या आणि भिंतीला टेकवलेला एक बुटका दगडी जिना, जो चढून कुठेच जाता येत नव्हतं. खुंट्यांवर जोडेच जोडे. समोर पडद्यावर नायिका रुसून धावत सुटली की इकडे पावलंवाले तिच्या मापाच्या चपला पायात कोंबून जागच्या जागी धावायचे. बायको एकदा बघायला आली होती. तोंडात पदर धरूनसुद्धा तिचं हसू बाहेर पडलं आणि तेवढा भाग पुन्हा घ्यावा लागला.

पण त्या खोलीत नको असलेला एक आवाजही चालत नसे. त्यामुळे पावलंवाल्यांचे पाय एरवी मुके झाले होते. घरी आले तरी कळायचं नाही. बायको ओट्यापाशी काही करत असायची, मागे वळायची तर हे उभे. एके दिवशी तिच्या हातातलं पातेलं पडलं.

“अहो, माणूस आहात की सावली? दिवसभर दुसऱ्यांच्या पायांचे आवाज करता. स्वतःच्या पायाचा एक करायला काय जातं तुमचं?”

“एक म्हणजे कोणता?”

“कोणताही करा. मला कळलं म्हणजे झालं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटच्या पायरीवर टाच घासली. आतून कडी निघाली. तिसऱ्या दिवशीही निघाली. पुढे मुलगी चालायला लागली तशी कडी कोणी काढायची यावरून मायलेकींत शर्यत सुरू झाली. पावलंवाले बाहेर उभे राहून आतली धावपळ ऐकायचे. दाराला त्यांनी घंटा म्हणून कधी बसवली नाही.

एक युद्धाचा सिनेमा त्याच दिवसांतला. त्यात तोफा नाहीत, रणगाडे नाहीत. एक खोली आहे, खिडक्यांना काळा कागद लावलेला, आणि त्या खोलीत एक आई आणि तिची तीन मुलं. बाप लढाईवर गेलेला. मुलांना झोप येत नाही. धाकटीने तर बापाला पाहिलेलंच नाही. मग आई एक युक्ती करते. मुलं अंथरुणात शिरली की ती हळूच बाहेर जाते, नवऱ्याचे जुने बूट पायात घालते आणि जिना चढते. बाबा आले, दारापाशी पहाऱ्याला बसले, असं मुलांना वाटतं आणि ती झोपतात. थोरल्याला एव्हाना सगळं कळलेलं असतं. पण तोही बहिणींकडे पाहून डोळे मिटून घेतो. शेवटच्या प्रसंगात आई मुलांच्या मधे बसून शर्टाला बटण लावते आहे आणि जिन्यावर पावलं वाजतात. धाकटी आईकडे बघते. थोरला आईकडे बघतो. आईच्या हातातली सुई थांबते. पावलं वर येतात, दारापाशी थांबतात आणि सिनेमा संपतो. दार उघडत नाही. बाप दिसत नाही.

त्या सिनेमातली सगळी पावलं पावलंवाल्यांची. आईची चाल करायला त्यांनी चिंध्या भरलेले मोठे बूट घातले होते आणि नवऱ्याच्या जोड्यात पाय घालणाऱ्या बाईसारखे ते अंग चोरून, पाय जपून टाकत होते. शेवटच्या प्रसंगाला मात्र आपल्या मापाचे बूट घातले आणि सरळ जिना चढले. वरच्या पायरीवर पोचले आणि टाच आपोआप घासली गेली. खर्र.

ध्वनिमुद्रकाने यंत्रावरून मान वर केली. “हे काय होतं हो?”

“चुकलं. घरची सवय. पुन्हा घेऊ.”

कोपऱ्यात दिग्दर्शक डोळे मिटून बसला होता. डोळे न उघडताच तो म्हणाला, “नको. राहू दे.”

राहिलं. आईच्या पावलांत ती टाच कधीच नव्हती. शेवटच्या पावलांत होती. घरी येणाऱ्या माणसाची ती खूण झाली.

सिनेमा चालला तो चालतच राहिला. ज्यांनी युद्ध पाहिलं होतं ते बघायला गेले. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनी आपल्या मुलांना नेलं. खाली शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. त्या तर सुट्टी आली की हटकून तो लावायच्या. पावलंवाल्यांनी एकदा विचारलं, “बाई, इतक्यांदा काय बघता त्यात?”

“युद्धबिद्ध मला काही कळत नाही, भाऊ. पण दार उघडत नाही ना शेवटी, म्हणून बरं वाटतं. आत कोण येणार ते आपलं आपण ठरवायचं.” मग दोरा दाताने तोडून म्हणाल्या, “तुम्ही म्हणता त्यात तुम्ही होतात. मी नावं सगळी वाचली. तुमचं कुठे दिसलं नाही ते!”

“पायांचं नाव कोण लिहितं?” ते म्हणाले. बाई हसल्या. त्यांना ते फारसं खरं वाटलं नसावं.

बायको गेली. पुढे मुलगी लग्न होऊन परदेशी गेली. त्या सिनेमाचा विचार पावलंवाले फारसा करत नसत. पण मनात कुठेतरी एक हिशेब होता. आपण घरी येतो ते आता ऐकायला कोणी नाही, पण ते येणं एका ठिकाणी जपून ठेवलेलं आहे. एकट्या माणसाला तेवढं पुरतं. निदान त्यांना पुरत होतं.

मग एका वर्षी तो सिनेमा नव्याने थिएटरात लागला. चित्र धुऊनपुसून स्वच्छ, आवाज लख्ख, असं जाहिरातीत होतं. पावलंवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, गुडघ्याला पट्टा बांधला आणि दुपारच्या खेळाला गेले. हॉल भरलेला होता. शेजारी एक तरुण जोडपं, त्यांच्या मांडीवर पेंगणारं मूल.

चित्र खरंच सुंदर दिसत होतं. आईच्या पावलांत त्यांना त्या मोठ्या बुटांतल्या चिंध्यासुद्धा ऐकू आल्या. शेवट आला. सुई थांबली. ते खुर्चीत पुढे सरकले. पावलं चढली, वर आली, थांबली.

आणि शांतता.

टाच नव्हती. आधी त्यांना वाटलं, आपलेच कान गेले. मग कळलं की ती पुसली आहे. चित्रपटाच्या पट्टीवरचा ओरखडा पुसावा तशी.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारची मुलगी नवऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती. पुढच्या रांगेत कोणीतरी चष्मा पुसत होतं. अख्खा हॉल जिथे रडायचा तिथेच रडला. टाच नसल्याने कोणाचं काही अडलं नव्हतं.

कोणी वाईट वागलं असतं तर रागावता तरी आलं असतं. इथे तर सगळं छान चाललं होतं.

त्या दिवशी घरी येताना ते शेवटच्या पायरीवर थांबले नाहीत. सरळ किल्ली काढली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतरही तसंच. पाय पुन्हा मुके झाले.

रविवारी मुलीचा फोन आला. तिचा फोन म्हणजे गोळ्या, गुडघा आणि हवा.

“गोळी घेताय ना?”

“घेतो.”

“गुडघा?”

“आहे जागेवर.”

एवढं झालं की ती ‘बरं ठेवते’ म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

“बाबा, तुमची टाच कुठे गेली?”

त्यांना आधी समजलंच नाही. “कुठली टाच?”

“सिनेमातली. नवीन काढलाय ना, इथेही लागला होता. मी मुद्दाम लांबच्या थिएटरचं तिकीट काढून गेले. सगळं आहे आणि तेवढीच नाही!” तिचा आवाज चढला होता, लहानपणी आईने कडी आधी काढली की चढायचा तसा. “इथे घरी जुनी प्रत आहे माझ्याकडे. सगळा सिनेमा नाही बघत मी. शेवट तेवढा लावते. हे चिडवतात मला, आलीस का बापाला भेटून, म्हणून.”

पोरीच्या घरात, त्यांनी कधी न पाहिलेल्या त्या खोलीत, ते इतकी वर्षं जिना चढत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

“बाबा? ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“मग बोला की काहीतरी.”

“गोळीची वेळ झाली,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बाहेर पडले. जुन्या स्टुडिओच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, आता जुने सिनेमे साफ करण्याचं काम चालायचं. तिथे एका खोलीत कानांवर हेडफोन लावून एक तरुणी बसली होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“काका, ती टाच होती? मी पट्टीवरचा ओरखडा समजून काढली हो. अगदी तस्सेच ओरखडे ठिकठिकाणी होते. विचारणार कोणाला? तेव्हाचं कोणी राहिलंच नाही.”

“मी होतो,” ते म्हणाले. पण चूक तिची नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं. आपण अजून आहोत अशी पाटी दारावर लावून ते कुठे बसले होते?

“आत्ता करून दाखवता? आपण नव्याने घेऊ.”

तिने दगडाची फरशी आणून ठेवली. पावलंवाल्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि टाच घासली. आवाज आला, पण तो निराळाच होता. पाय लटपटला, घासणं लांबलं, जड झालं. दोघांनीही ऐकलं.

“हा म्हातारा आला,” ते हसून म्हणाले. “याला कोण दार उघडणार!”

तीही हसली. मग तिने साफ न केलेली पट्टी शोधून काढली आणि दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांचा आवाज वाढवून ती लावली. पावलं चढली. वर आली. थांबली. खर्र.

तरुणी त्यांच्याकडे वळली. ते तसेच कान टवकारून बसले होते. “काका, झालं. एवढंच आहे.” तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण कडी निघण्याची वाट बघतोय. सिनेमात ती कधीच निघत नाही.

“मी परत घालते ती,” तरुणी म्हणाली. “गेलेल्या प्रती गेल्या. पण पुढची जी निघेल तिच्यात असेल. माझा शब्द.”

घरी येताना शेवटच्या पायरीवर ते थांबले. काठी सावरली आणि टाच घासली. लांबली, जड वाजली. वाजली तर खरी.

खालून शिवणाचं यंत्र थांबलं. बाई जिन्याच्या तोंडाशी येऊन वर बघत म्हणाल्या, “काय हो भाऊ, बाहेरगावी होतात का? इतक्या दिवसांत आल्याचं ऐकू आलं नाही.”

त्या रात्री त्यांनी स्वतःहून मुलीला फोन लावला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. टाच सापडली, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, “मी येते.”

ती आली. पहिल्याच सकाळी ते पाव आणायला खाली उतरले आणि परतताना सवयीने पायरीवर टाच घासली. हात खिशाकडे जाण्याआधी आतून कडी निघाली. किल्ली खिशातच राहिली. “पाव गरम आहे,” ते म्हणाले आणि आत आले.

पुढचे दिवस असेच गेले. घरात दोन माणसांचे आवाज होते. बाप-लेक फारसं बोलत नव्हते. ती भांडी विसळायची, ते पुसून ठेवायचे. पण रोज सकाळी ते खाली गेले की ती चहाचं आधण मंद करून दारापाशीच रेंगाळायची. नवीन प्रत केव्हा निघणार, हे तिने विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

तिचे परतायचे दिवस जवळ आले होते तेव्हाची गोष्ट. ते पाव आणायला गेले आणि बेकरीच्या दारातच खाली बसले ते उठलेच नाहीत. मुलगी वर दारापाशी उभी होती, कडीवर हात ठेवून. आधण उतू गेलं. मग जिन्यावर पावलं वाजली. भराभर वर आली आणि दारापाशी थांबली. टाच घासली नाही. शिवणवाल्या बाईंनी दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, हाका मारल्या. आत मुलगी कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

त्याच सकाळी ते पायात बूट चढवत होते तेव्हा तिने आतून ओरडून सांगितलं होतं, पाव कडक, मऊ, काहीही चालेल.

“‘काहीही’ नावाचा पाव नसतो गं बेकरीत,” ते जिन्यावरून म्हणाले होते. “बघतो काय गरम आहे ते. आणि किल्ली नेत नाही हं मी.”