मेल कंपनीकडे गेली तेव्हा

आमच्या नगरच्या विद्यापीठाची ईमेल सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, पारनेरकडचे. मोफत सॉफ्टवेअर वापरून त्यांनी आमच्याच इमारतीत मेलचा सर्व्हर उभा केला होता. मेल बंद पडली, की घरातल्या आजारी माणसाबद्दल सांगावं तसं ते हळू आवाजात सांगत, "आत्ता जरा बरं हाय." जेवतानाही त्यांचा एक हात फोनवर असे.

मेल मोठ्या कंपनीकडे सोपवायची का, यावर बैठक बसली. ते दुखावतील या धास्तीने मीच त्यांच्या बाजूने तावातावाने बोललो. आपला पत्रव्यवहार परक्याच्या हाती का द्यायचा? शेवटी कुलगुरूंनी त्यांनाच विचारलं.

"देऊन टाका, सर," ते म्हणाले. "जुन्या मेलची एक प्रत तेवढी आपल्याकडं ठिवू. मी एकटा हाय. मला आजारी पडायचीपन भीती वाटती."

तसंच ठरलं.

नव्या व्यवस्थेत पहिल्याच आठवड्यात माझी मेल अडकली. मी घाईघाईने त्यांच्याकडे गेलो. ते खिडकीशी बसून चहा पीत होते.

"मला काय इचारता? कंपनीला इचारा!" म्हणाले, आणि इतकं मोकळं हसले, की मीही मेल विसरून त्यांच्यासमोर बसलो.