हातात उरलेला दाणा

मार्चमधल्या एका शनिवारी आमच्या मराठी मंडळाच्या समितीने बाईंना मराठी शाळेतून काढलं. मतं चार विरुद्ध एक पडली. ते एक मत माझं नव्हतं. पत्र मी लिहिलं.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. त्यांना आडनावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सांगलीच्या एका कॉलेजात चौदा वर्षं संख्याशास्त्र शिकवून त्या नवऱ्यामागून आर्नहेमला आल्या. नवरा विजेच्या क्षेत्रातल्या एका कंपनीत. इथल्या शाळांनी बाईंची प्रमाणपत्रं पाहिली, त्यांचं डच ऐकलं आणि भाषा सुधारून या असं सांगितलं. नऊ वर्षं त्या भाषा सुधारत होत्या. मूलबाळ नव्हतं. आठवड्यातले सहा दिवस त्या कोणाच्या तरी मिसेस असायच्या आणि शनिवारी सकाळी युट्रेख्टमध्ये, आम्ही ब्यूर्टहाउसची, म्हणजे वस्तीच्या समाजमंदिराची, वरची खोली भाड्याने घेऊन चालवलेल्या शाळेत, सोळा मुलांच्या बाई असायच्या. त्या तीन तासांसाठी त्या आर्नहेमहून पहाटेची कामं उरकून ट्रेनने यायच्या. ती खोली त्यांना काय आहे, हे समितीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

बाईंसमोर 'नक्की' म्हणायची सोय नव्हती. आज पाऊस नक्की येत नाही, असं म्हणून कोणी रेनकोटशिवाय सायकल काढली की त्या विचारायच्या, "असं दहा वेळा म्हणालास, तर किती वेळा कोरडा घरी पोचशील?" तो विचार करून आठ म्हणायचा. "मग आठ म्हण ना. नक्की कशाला म्हणतोस?" ही सवय घरातही सुटली नव्हती. लग्नाला होकार देताना हिने मला दहापैकी सात दिले होते, असं त्यांचे यजमान चारचौघांत सांगायचे. "आता साडेसात झालेत," बाई शांतपणे म्हणायच्या आणि पोळ्या वाढायला घ्यायच्या.

शाळेत त्या खरं तर भाषा शिकवायला होत्या, पण त्यांच्या हातून गणितच शिकवलं जायचं. आमची मुलं मराठी समजतात आणि उत्तर डचमध्ये देतात. बाईंनी त्यांना दाखवून दिलं की पंचवीस म्हणताना मराठी माणूस आधी पाच म्हणतो आणि मग वीस, आणि डच माणूसही तसंच करतो. इंग्रजी उलटं चालतं. मुलांना हे इतकं आवडलं की महिनाभर ती एकमेकांना मराठी आकडे विचारत होती. मी इथल्या एका ग्रंथालयात काम करते. मुलांना मराठी यावं म्हणून मी गोष्टींची किती पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली असतील. मुलांनी आपणहून मराठी तोंडात घेतलं ते बाईंच्या आकड्यांमुळे.

दहाव्या वर्षी त्यांना नोकरी मिळाली. खेळांवर पैजा घेणारी एक कंपनी होती, तिच्या संकेतस्थळावरची मदतीची पानं लिहायची. पैजांचे प्रकार कोणते, भाव म्हणजे काय, जिंकल्यावर हातात किती येतं, हे नवख्या माणसाला कळेल असं इंग्रजीत मांडायचं. मंडळात कुजबुज सुरू झाली. बाई सट्ट्याच्या दुकानात लागल्या, असं एका काकूंनी माझ्यासमोरच म्हटलं. बाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दुकान त्यांचंच आहे. मी फक्त काटा कसा वाचायचा ते लिहिते."

मला त्यांनी ते फलाटावरच्या बाकावर बसून समजावलं होतं. त्यांच्या पिशवीत नेहमी फुटाण्यांची पुडी असायची. "भाव अडीच म्हणजे दहा युरो लावले तर पंचवीस परत येतात. पण त्या पंचविसात तुझे स्वतःचे दहा आहेत. लोक घरी जाऊन पंचवीस जिंकलो म्हणून सांगतात. जिंकले पंधरा." मग म्हणाल्या, एकाला त्या भावाने भाग. भागून शून्य दशांश चार आलं. म्हणजे ही गोष्ट शंभरात चाळीस वेळा घडेल असं दुकान म्हणतंय. तुला ती चाळीसपेक्षा जास्त वेळा घडेल असं वाटत असेल तरच त्या भावात काही अर्थ आहे, आणि तसं वाटणं म्हणजे तसं असणं नव्हे.

माझं आणि गणिताचं शाळेपासून जमलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की दोष माझा नसावा.

मग त्यांनी दहा फुटाणे माझ्या बाजूला मोजले आणि दहा स्वतःच्या. "दोन तुल्यबळ संघ. दोघांचा भाव खरं तर दोन हवा. दुकान एक दशांश नऊ लावतं. तू एका संघावर दहा दाणे लावलेस, मी दुसऱ्यावर दहा. तू जिंकलीस. तुला एकोणीस." त्यांनी एकोणीस दाणे माझ्याकडे सरकवले आणि तळहात उघडा धरला. त्यात एक दाणा होता. "हा कोणाचा?"

त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला आमच्या अध्यक्षांनी त्यांना जिन्यापाशी गाठलं. हा मोठ्या पगाराचा, मोठ्या आवाजाचा गृहस्थ. मी जिन्याखालच्या कपाटातून कागदी बश्या काढत होते. अध्यक्षांनी फोन पुढे केला. चार सामन्यांची एकत्र पैज होती, चारही बरोबर आले तरच पैसे, आणि प्रत्येकाचा भाव एक दशांश नऊ. "बाई, तुम्ही आतल्या. सांगा, बरोबर लावलंय ना? चारही नक्की आहेत." बाईंनी त्यांना बशीतले शंकरपाळे दाखवून समजावलं. चारही सामने नाणेफेकीसारखे धरले, तर चारही बरोबर येणं सोळात एकदा. एका युरोला सोळा मिळायला हवेत. एक दशांश नऊ चार वेळा गुणलं की तेरा. "एका सामन्यात त्यांचा हात थोडासाच लागतो. तुम्ही चार बांधलेत, तर तो चारदा लागतो. म्हणून तर ही पैज ते इतकी सजवून दाखवतात." अध्यक्ष हसले. म्हणाले, "तुम्ही फार सांगता, बाई." मग आवाज खाली आणून म्हणाले की हे घरी कळायला नको, बायको उगाच काळजी करते.

फेब्रुवारीत वर्गात अपूर्णांक चालले होते. अध्यक्षांची अकरा वर्षांची मुलगी रेवा हिने विचारलं की बाबांच्या फोनवर संघाच्या नावापुढे एक दशांश नऊ असं का लिहिलेलं असतं. दुसरी कोणीही शिक्षिका म्हणाली असती, ते मोठ्यांचं असतं. बाईंनी पुडी काढली. सोळा मुलं टेबलाभोवती जमली. दोन संघ, दहा-दहा दाणे, एकोणीस परत, एक बाईंच्या हातात. हा कोणाचा, विचारल्यावर मुलं म्हणाली, तुमचा. "मी पैज लावली होती का?" नाही. "मी खेळले का?" नाही. "दुसरा संघ जिंकला असता तर?" मुलांनी पुन्हा मांडून पाहिलं. दाणा पुन्हा बाईंच्याच हातात राहिला. आठ-दहा वेळा मांडून पाहिलं म्हणे. ज्यांचे दाणे गेले त्यांना रडू यायला लागलं तेव्हा बाईंनी सगळे फुटाणे वाटून टाकले.

रेवाने घरी जेवणाच्या टेबलावर तेच मांडलं, मटारचे दाणे घेऊन. वडिलांना म्हणाली, बाबा, एक दाणा नेहमी त्यांचाच असतो, मग तुम्ही रोज का देता? आईने विचारलं, रोज? पुढे त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. मंगळवारी समितीच्या बैठकीचा निरोप आला.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, शाळेत मुलांना जुगार शिकवला जातोय. पालकांच्या तक्रारी आहेत. किती पालकांच्या, असं कोणी विचारलं नाही. आयंडहोवनहून येणारा एक तरुण इंजिनिअर म्हणाला, निदान बाईंना बोलावून विचारू. ते त्यांना अवघडल्यासारखं होईल, असं अध्यक्ष म्हणाले. मला जिन्यापाशी ऐकलेला शब्द न् शब्द आठवत होता. समोर बसलेल्या माणसाच्या खिशात तो फोन होता. मी चिटणीस, वहीत बैठकीचा वृत्तान्त लिहीत राहिले आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा केला. का केला, याची मी तेव्हा स्वतःला बरीच कारणं दिली होती. शाळा टिकायला हवी, वाद नको, बाईंना आता नोकरी आहेच. आज त्यातलं एकही कारण मला तोंडाने उच्चारता येत नाही.

"ताई, पत्र तुम्ही लिहा," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं मराठी चांगलं आहे. दुखावणार नाहीत असं लिहा."

मी दोन तास घालवले. 'नव्या नोकरीचा आपल्यावर पडलेला व्याप लक्षात घेता आपणांस या जबाबदारीतून मुक्त करणे समितीस उचित वाटते' असं वाक्य मी तयार केलं आणि ते जमलं म्हणून मला बरं वाटलं. आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांचा मी असा उपयोग केला.

पुढच्या शनिवारी बाई खोलीची किल्ली द्यायला स्टेशनवर आल्या. म्हणाल्या, "छान लिहिलं आहेस. दोनदा वाचल्यावर कळलं की काढलंय." मी काहीतरी बोलायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. कंपनीतही त्यांचं भांडण चाललं होतं. पैजांच्या पानाचा शेवटचा परिच्छेद त्यांनी असा लिहिला होता की सगळ्या बाजूंच्या भावांनी एकाला भागा, उत्तरांची बेरीज करा, आणि एकाच्या वर जे भरेल ते आमचं; तुम्ही जिंकलात तरी आमचं आणि हरलात तरी आमचं. वरिष्ठांनी तो कापला. बाईंनी परत घातला. पुन्हा कापला गेला. "तिथे म्हणतात, इतकं सांगू नका, गिऱ्हाईक बिचकतं. इथे तुम्ही म्हणता, इतकं सांगू नका, मुलं बिघडतात. गिऱ्हाईक दोन्हीकडे एकच आहे गं." मला तेव्हा कळलं की आपल्याला कोणी आणि का काढलं ते त्यांना माहीत होतं, आणि दिवाळीत अध्यक्षांचं बोलणं मीही ऐकलं होतं हेही माहीत होतं. जिन्यापाशी उभं राहिलं की बश्यांचं कपाट दिसतं.

मे महिन्यात तो परिच्छेद तिसऱ्यांदा कापला गेला आणि त्यांनी नोकरी सोडली. ऑगस्टमध्ये पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, पसरलेला. मी आर्नहेमला भेटायला गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टरांना त्यांनी डचमध्येच विचारलं होतं, माझ्यासारख्या दहा जणांपैकी वर्षभर किती राहतात? डॉक्टर म्हणाले, दोन. "दहा वर्षांत या देशात मला कोणी इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं," बाई म्हणाल्या. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. मुलं आता कुठपर्यंत आली, एवढं विचारलं. त्यांच्यानंतर गणित कोणी घेतच नव्हतं. मी म्हटलं, चाललंय.

त्या ऑक्टोबरात गेल्या. दहन झाल्यावर बाहेर उभे असताना यजमान म्हणाले, "साडेसातावर अडकलो होतो. शेवटी किती झाले ते विचारायचं राहिलं."

शोकसभेसाठी अध्यक्षांचा फोन आला. ताई, चार ओळी लिहून द्या, तुमचं मराठी चांगलं आहे. मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. विचारतील म्हणून मी फोन बराच वेळ कानाला धरून होते. सभा त्याच वरच्या खोलीत झाली. अध्यक्ष बाईंच्या योगदानाबद्दल बोलले. नव्या नोकरीच्या व्यापामुळे बाईंना शाळा सोडावी लागली ही आपली मोठी हानी, असं ते म्हणाले आणि लोकांनी माना हलवल्या. ते वाक्य त्यांचं नव्हतं. माझ्या दोन तासांचं होतं. मी आता नाही म्हटलं तरी त्याचा काय उपयोग होता. हवं ते मी मार्चमध्येच लिहून दिलं होतं.

कोट घेताना रेवा माझ्या शेजारी आली. तिने डचमध्ये विचारलं, बाईंना पत्र कोणी लिहिलं होतं? मी म्हटलं, मी. तिने खुंटीवरून आपला कोट काढला. मग मराठीत म्हणाली, "का?" वाट बघितली आणि कोट घालून खाली गेली.

हे लिहायला मला पाच महिने लागले. सावकाश लिहिलं तर राग उतरेल असं वाटलं होतं. उतरला नाही. अध्यक्ष अध्यक्ष आहेत. मी चिटणीसपद सोडलं, त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

ते मदतीचं पान संकेतस्थळावर आजही आहे. दहाचे पंचवीस आणि त्यातले पंधरा, हे उदाहरण बाईंचंच आहे. शेवटचा परिच्छेद नाही. माझं पत्र मंडळाच्या फायलीत आहे. त्यातला एक शब्दही कोणी कापलेला नाही.