माइकवरचे आभार

सिविक सेंटरजवळच्या बारमध्ये तो गायचा. आवाज असा, की स्टील प्लांटच्या भोंग्यानं लाजून गप्प बसावं. खोड एकच: प्रत्येक गाण्याआधी फर्माइश करणाऱ्याचं पूर्ण नाव तो डिपार्टमेंटसकट माइकवर पुकारायचा. त्यामुळे माझं नाव अर्ध्या भिलाईला पाठ झालं होतं. फक्त बायकोला पत्ता नव्हता. तिच्या हिशेबी मी ओव्हरटाइमला असायचो.

गाव सोडताना तो मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात गायला आणि गाणं संपल्यावरही माइक सोडेना. "आता ज्यायनं मले इतके वर्षं सांभाळलं, त्यायचे आभार मानतो."

समोर आम्ही बारचे सगळे नेहमीचे बसलेलो, सहकुटुंब. माझ्या घामानं सतरंजी भिजून पार स्टेजपर्यंत ओल गेली.

"अहो, एवढा घाम कावून येऊन राहिला?" बायकोनं विचारलं.

त्याची नजर एकेकावर थांबत माझ्यापर्यंत आली. तो गालात हसला.

"सारे इथंच बसून राहिले. पण नावं नाही घेत. एखाद्याचं राहून गेलं, तर त्याले वाईट वाटन."

टाळ्या अशा पडल्या, की छताचे पत्रे हलले.

"किती साधा माणूस आहे जी!" बायको म्हणाली.

म्हणून त्याचं नाव मीही इथं लिहीत नाही.