पाय मागे घ्यायला जागा

गुडघे गेल्यापासून मला दिवाणावरून एकटीला उठता येईना. मुलाने उल्हासनगरच्या बाजारातून आणलेला दिवाण, खाली सामानाची पेटी, दिसायला झकास. पण सकाळी बाथरूमला जायचं तर सुनेला हाक मारावी लागे. ती काखेत हात घालून उठवायची. बोलायची काही नाही, पण मला ते नको होतं.

म्हणून कुळगावातल्या सुताराला बोलावलं. पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच काम करतो. माणूस तुसडा. आल्यावर टेप काढलीच नाही.

"आजी, उठून दाखवा."

मी धडपडले. तो माझ्या पायांकडे बघत राहिला.

"गुडघ्यांचा दोष अर्धाच. उठताना माणूस पाय मागे घेतो. तुमच्या टाचा पेटीला अडतात."

एकाही डॉक्टरने हे सांगितलं नव्हतं.

मग त्याने फळ्यांचा ढीग रचला, वर माझीच कापसाची गादी टाकली आणि मला बसवलं. एक फळी काढ, एक घाल. हात न टेकता उठले, तेव्हा कुठे उंची लिहून घेतली.

मुलगा म्हणाला, "पेटी तर हवीच."

"देतो. पण आजी उतरतात त्या बाजूला वीतभर आत."

पंधरा दिवसांनी सुतार सागाचा दिवाण घेऊन आला. उशाला उंच फळी, कडा अशा घासलेल्या की हात फिरवत बसावं. तेवढ्यात सून ओरडली, "अहो, उशाची बाजू उत्तरेला आली!"

उत्तरेला डोकं करून आमच्यात कोणी झोपत नाही. दिवाण फिरवला, तर पेटीची आत घेतलेली बाजू भिंतीकडे गेली. टाचा पुन्हा अडल्या.

"एवढं डोकं चालवलंस, आणि उत्तर कुठे ते विचारलं नाहीस?" मी म्हटलं.

"चुकलंच माझं."

मुलगा म्हणाला, "राहू दे, झोपेल आई उत्तरेला."

"नको. रोज मनात पाल चुकचुकेल," सुतारच म्हणाला. पेटी गॅलरीत ओढून दुपारभर कापत बसला. दुसरी बाजूही आत घेतली, रंधा मारला, भुसा स्वतः झाडला. चहालाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममधून बाहेर आले, तर सून दारात उभी.

"हाक का नाही मारलीत?"

"कशाला?" मी म्हटलं. "चहा टाक."