कॉइलचा उलटा झटका
सोल्डरचा धूर नाकात गेला की मला द्वारकेतल्या आमच्या सोसायटीतले, खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड इंजिनियर आठवतात. सोसायटीची पाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं सर्किट मी व्हिडिओ बघून बनवत होते, पण त्यातला रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा स्विच, बंद झाला की त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर जळायचा. "वहिनी, तुमचं सोल्डरिंग कच्चं आहे. काम इलेक्ट्रिशियनला देऊ या," ते म्हणाले. मी म्हटलं, अहो, रिलेची कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, तो जाळतोय. "अच्छा? एवढ्याशा बॅटरीवर?" मग मी बॅटरीला जोडलेल्या कॉइलची दोन्ही टोकं त्यांच्या चिमटीत दिली आणि बॅटरीची तार काढली. असे उडाले म्हणून सांगू, चष्माच घसरला! "मागून घरची लाइन जोडलीत ना?" म्हणत ते वाकून टेबलाखाली वायर शोधायला लागले. वायर कुठली सापडायला! तेवढ्यात सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं हात पुढे केला, "मला द्या बघू," आणि झटका बसल्यावर "आई गं!" करत पोट धरून हसली. काम माझ्याकडेच राहिलं. कॉइलला तो झटका जिरवणारा डायोड लावला, तेव्हापासून पंप बिल्कुल ठीक आहे. पण आजही मी लाडवांची ताटली पुढे केली, तर ते आधी बायकोला घ्यायला लावतात.