हिरव्या दिव्याचा भरवसा

समाधानची चूक फोनवर झाली, आणि तीही तोंडात मिसळीचा घास असताना.

लताबाईंनी विचारलं होतं, "उद्या दहा ते पाच लाईट नाही, असा मेसेज आलाय. इन्व्हर्टर एकदा बघून जातोस का?"

"हिरवा दिवा लागलाय का, मावशी?"

"लागलाय की."

"मग निवांत झोपा. समाधाननं बसवलेला आहे, वरातीतल्या माळेतला नाही."

हिरवा दिवा म्हणजे बाहेरून वीज येतेय, एवढंच. बॅटरीच्या पोटात काय चाललंय, याचा त्याला पत्ता नसतो. निफाडच्या आयटीआयत हे पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि त्या दिवशी समाधान वर्गात हजर होता. पण मिसळ गार होत होती.

द्वारका चौकाजवळ त्याचं दुकान. दुकान कसलं, दोन शटरांमधली फट. तिथून तो साठ-सत्तर घरांच्या बॅटऱ्या सांभाळायचा. स्कूटरवर पुढे बॅटरीच्या पाण्याचा कॅन, मागे पान्यांची पिशवी, आणि तोंडात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा टोमणा. खंडेनवमी आली की त्याची आई, चिमणाबाई, हत्यारांची पूजा मांडायची. समाधाननं त्यात स्वतःची भर घातली होती: गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्याही आपल्याच. मग घरोघरी जाऊन तो वायरींचे क्लॅम्प सोडायचा, बॅटरीची टोकं घासायचा, हळदकुंकू वाहायचा आणि लाल दोरा बांधून पुन्हा क्लॅम्प आवळायचा. कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणाकडून पैसेही घेत नव्हता.

यंदाच्या फेरीत लताबाईंचं घर शेवटचं आलं, तेही दसऱ्याच्या दिवशी. "आमच्यात हे नसतं रे," त्या म्हणाल्या. "बॅटरीला कुठं धर्म असतो, मावशी?" म्हणत त्यानं घाईघाईत दोरा बांधलाच. लताबाई हसल्या. धम्मचक्र दिनाची खीर केली होती, ती स्टीलच्या डब्यात भरून त्याच्या हातात दिली.

त्याला आता दोन महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. या वेळी लताबाईंची मुलगी साक्षी होती. "दादा, लाईट गेली आणि इन्व्हर्टर सुरूच होत नाही. पप्पांचं मशीन बंद आहे."

समाधान स्कूटर घेऊन निघाला. द्वारकेचा सिग्नल नेहमीसारखाच होता, म्हणजे सगळे हॉर्न वाजवत होते आणि कोणी हलत नव्हतं. पंचवटी ओलांडून कॉलनीत शिरेपर्यंत वीस मिनिटं गेली.

साक्षीचे वडील, काळूदादा, मागच्या खोलीत खाटेवर टेकून बसले होते. बावीस वर्षं खडीच्या क्रशरवर काम केलं, ती सगळी धूळ छातीत जपून आणलेली. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन दिवसरात्र चालायचं, तेव्हा कुठे त्यांचा श्वास चालायचा. आता ते मुकं होतं आणि नळी अडीच फुटी सिलेंडरला लावलेली होती. सिलेंडरवरचा काटा लाल पट्ट्याच्या तोंडाशी.

"किती पुरेल?" समाधाननं हळूच विचारलं.

"अर्धा तास," साक्षी म्हणाली. "नवीन सिलेंडरवाला म्हणतोय दोन तास लागतील."

काळूदादा त्याच्याकडे बघून म्हणाले, "आला का... इंजिनिअर... लय... भरवसा हाय... तुझा."

एरवी याला चार उत्तरं देणारा समाधान सरळ बाहेरच्या खोलीतल्या इन्व्हर्टरकडे गेला.

त्यानं पुढचं बटण बघितलं, ते चालूच होतं. फ्यूज काढून उजेडात धरला, तार शाबूत होती. तरी बदलला. बटण दाबलं. आतून 'टक्' आवाज आला आणि पुन्हा सगळं गप्प. मीटर बॅटरीच्या टोकांना लावलं. बारा पूर्णांक तीन. म्हणजे बॅटरी जिवंत. मग तिची ताकद जाते कुठे? मागच्या खोलीतून श्वास ऐकू येत होता. दोन श्वासांमधलं अंतर तो नकळत मोजायला लागला.

"काटा लालमध्ये गेला," साक्षी म्हणाली. आवाज अगदी साधा, म्हणूनच अंगावर आला.

त्यानं मीटरच्या वायरीची एक सुई टोकावरून उचलून क्लॅम्पवर ठेवली आणि साक्षीला बटण दाबायला सांगितलं. मीटर शून्याजवळ कोसळलं. बॅटरी ठीक, इन्व्हर्टर ठीक, बिघाड दोघांच्या मधे. क्लॅम्प सोडला. खाली हिरवट पांढरा थर, आणि थरात रुतलेला, काळा पडलेला लाल दोरा. क्लॅम्प बॅटरीच्या शिशाच्या टोकाला नीट टेकलेलाच नव्हता. बाहेर वीज होती तोवर कुणाला कळणार?

त्यानं दोरा ओरबाडून काढला, पॉलिश पेपरनं टोक चकचकीत केलं, क्लॅम्प आवळला. बटण. इन्व्हर्टर घुमला, मशीननं एक लांब शिटी दिली आणि धापा टाकत सुरू झालं. साक्षीनं मिनिटभर थांबून नळी पुन्हा मशीनला लावली. सिलेंडरचा काटा तोवर तळाला टेकला होता.

लताबाई दारात उभ्या होत्या. समाधानच्या तळहातावर दोरा होता.

"तो दोरा मला रोज दिसायचा," त्या म्हणाल्या. "वर बुरशीसारखं काय तरी जमत होतं. पुसून काढणार होते. मग म्हटलं, पोराची श्रद्धा आहे, आपण कशाला हात लावायचा?"

समाधाननं दोरा खिशात घातला.

सिलेंडर दीड तासानं आला. तोवर तो बॅटरीशेजारी फरशीवर बसून राहिला, मशीनची प्रत्येक धाप ऐकत. निघताना काळूदादा म्हणाले, "डबा... खिरीचा... कधी आणतो?"

"आणतो, दादा."

आता तो कुणाच्याही घरी गेला की आधी मेन स्विच पाडून इन्व्हर्टर चालतो का बघतो, मग बोलतो. काळूदादांकडे दर रविवारी जातो. दर रविवारी त्यांच्या दोन शब्दांमधली जागा थोडी वाढलेली असते, आणि दर रविवारी ते डब्याचं विचारतात. कुणाचाही डबा रिकामा परत द्यायचा नसतो. चिमणाबाईंनी दोनदा लाडू वळून दिले, दोन्हीदा, त्या दोऱ्याच्या बदल्यात हे न्यायचे कसे, म्हणून ते समाधाननंच दुकानात बसून संपवले.

डबा घासूनपुसून फळीवर आहे. त्यात काय घालून न्यावं, ते अजून त्याला सुचलेलं नाही.